बिनतंगाचं खोगीर

द्राक्षतोडणीनंतरच्या मिरवणुकीची सभा किशहोमोक गावच्या ग्रंथालयात भरली होती आणि त्या सभेत वेंडेल चेपे "मी बसतो" असं म्हणाला. खरं तर तो म्हणाला नव्हता; ते त्याच्या तोंडातून निघालं होतं. या दोहोंत फरक असतो, पण सभेच्या इतिवृत्तात तो दाखवायची सोय नसते.

झालं होतं असं, की मिरवणुकीच्या अग्रभागी घोड्यावर बसून फितींचा झेंडा धरायचा मान वर्षानुवर्षं कोर्नेलकडे होता. कोर्नेल म्हणजे वेंडेलचा मेहुणा, त्याच्या बायकोचा, एतेल्काचा, थोरला भाऊ. तो विमा विकायचा, घोडा पाळायचा आणि या दोन्ही विषयांवर न विचारता बोलायचा. यंदा तो अक्रोडाच्या झाडावरून पडला आणि त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. स्वतःचा विमा उतरवायचं तो विसरला होता, हे कळल्यावर गावाची सहानुभूती जरा वाढली आणि धंदा जरा बसला.

"मग यंदा पुढे कोण?" समितीच्या अध्यक्षा हायनाल्काबाईंनी विचारलं.

हंगेरियन माणूस घोड्यावरच जन्माला येतो, असं आमच्याकडे मानतात. जन्मल्याबरोबर तो खाली उतरतो आणि पुन्हा कधी चढत नाही, एवढंच कुणी सांगत नाही. सभेतल्या प्रत्येक पुरुषाला घोड्यातलं सगळं कळत होतं आणि त्या क्षणी प्रत्येक जण आपल्या बुटांकडे बघत होता.

"कुणीच नसेल तर झेंडा माझ्या ट्रॅक्टरला बांधा," कोर्नेल म्हणाला. "ट्रॅक्टर मी एका हाताने चालवतो."

नेमकं तेव्हाच ते वेंडेलच्या तोंडातून निघालं.

"तू?" कोर्नेल म्हणाला. "अरे, घोडा म्हणजे पाण्याचं मीटर नव्हे, वेंडेल. तो उलटाही फिरतो."

वेंडेल नगरपालिकेच्या पाणीपट्टी विभागात होता. तिथली मीटरंही उलटी फिरत, पण हे चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याने अपमान गिळला. गिळता गिळता त्याचं लक्ष दुसऱ्या रांगेकडे गेलं. एतेल्का मान वळवून त्याच्याकडे बघत होती. लग्न झाल्यापासून एतेल्काने त्याच्याकडे पुष्कळदा बघितलं होतं. कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवलीस का, अशा अर्थाने. ही नजर निराळी होती. घरात आपल्याशिवाय आणखी एक माणूस राहतो, हे अचानक लक्षात यावं तशी ती बघत होती. घरी गेल्यावर तिने त्याचं लग्नातलं काळं जाकीट काढलं, दोन्ही बाजूंनी उसवून वाढवलं आणि शिवता शिवता चक्क गुणगुणली.

आता माघार शक्य नव्हती. घोड्यावरून पडणं एक वेळ परवडलं असतं. त्या नजरेतून उतरणं परवडणारं नव्हतं.

कोर्नेल आपला घोडा देणं शक्यच नव्हतं, तरी घोड्याचा प्रश्न सोपा होता. एतेल्काच्या गिझीआत्याकडे मांदुला नावाची पांढरी घोडी होती. रंगाने पांढरी, स्वभावाने निवृत्त. ती कोबीची गाडी ओढायची आणि कोबीचा वेग हाच तिचा वेग होता. तिच्या पाठीवर आजवर कुणी बसलं नव्हतं, कारण बसायचं म्हणजे आधी पाय फाकायला हवेत आणि मांदुलाची पाठ आमच्या जेवणाच्या टेबलाएवढी रुंद होती. तशा पाठीवर झेंडा घेऊन बसायचं तर खोगीर हवं, आणि गावात खोगीर एकच होतं. कोर्नेलचं.

"खोगीर आणि दात घासायचा ब्रश मी कुणाला देत नाही," कोर्नेल म्हणाला.

तेव्हा खोगीर विकत घ्यायचं ठरलं, आणि वेंडेलच्या पगारात बसेल असं स्वस्तातलं घ्यायचं ठरलं. हे ठरल्याची बातमी गल्लीत पसरायला वेंडेल घरून पावाच्या दुकानापर्यंत चालत गेला, एवढाच वेळ लागला. दुकानातल्या बाई म्हणाल्या, कातडं हुंगून घ्या, चांगलं कातडं घोड्याच्या बाजूने बोलतं. न्हाव्याने वेंडेलच्या गालावर वस्तरा ठेवून सांगितलं की शिवण मोजा, टाके जवळजवळ हवेत. पाद्रीबाबा म्हणाले, उलटं करून बघ बाळा, प्रत्येक गोष्टीचं सत्य खालच्या बाजूला असतं. आणि शेजारचे रेझोकाका म्हणाले, "तू काहीच बघू नकोस. मी येतो."

रेझोकाका रेल्वेत तिकीट तपासनीस होते. त्यांचे आजोबा घोडदळात होते, त्यामुळे खोगीर हा त्यांच्या रक्तातला विषय. आजोबा घोडदळात स्वयंपाकी होते ही माहिती नंतर उघडकीस आली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तालुक्याच्या गावच्या जत्रेत एक मिशाळ माणूस लोणच्याची काकडी, करवती आणि जुनी खोगिरं विकत होता. रेझोकाकांनी तिकीट मागावं तसा हात पुढे केला आणि पहिलं खोगीर उचलून गुडघ्यावर आडवं धरलं.

"आतला लाकडी सांगाडा बघायचा असतो," ते म्हणाले. "दोन्ही टोकं दाबायची. सांगाडा मोडका असेल तर खोगीर दुमडतं."

त्यांनी दाबलं. करकर असा आवाज आला.

"मोडकं आहे!" रेझोकाका म्हणाले.

"तो तुमचा गुडघा होता, काका," मिशाळ विक्रेता म्हणाला.

यावर बराच ऊहापोह झाला. शेवटी खोगीर बाजूला ठेवून नुसताच गुडघा दाबून बघण्यात आला. आवाज आला. पण तोवर खोगिराबद्दलचं मन कलुषित झालं होतं.

दुसरं खोगीर वेंडेलने हुंगलं. त्याला त्यात दिवाणखान्याचा वास आला. शिवाय त्याचा तळहात तपकिरी झाला, आणि तळहात पँटला पुसल्यावर पँट.

"हे सोफ्याचं कातडं आहे," रेझोकाकांनी निदान केलं.

"सोफासुद्धा आधी गायच असतो, काका," विक्रेता म्हणाला.

तिसरं खोगीर मात्र देखणं होतं. टाके जवळजवळ, कातडं मऊ, सांगाडा ठणठणीत, रिकिबी चकचकीत, आणि किंमत सोफ्यापेक्षाही कमी. वेंडेलला संशय आला. पाणीपट्टीत काम केलेल्या माणसाला कमी आकडा बघितला की संशय येतोच. त्याने पाद्रीबाबांचं स्मरण करून खोगीर उलटं केलं. घोड्याच्या पोटाखालून जो पट्टा आवळतात, ज्याच्या जिवावर खोगीर पाठीवर राहतं, तो तंग नव्हता. तंग अडकवायच्या वाद्या होत्या तिथे फक्त दोन थोटकं होती, नीट कापलेली.

"याला तंग नाही," वेंडेल म्हणाला.

विक्रेत्याने त्याच्याकडे दुःखाने पाहिलं. "साहेब, तुम्ही इथलेच ना?"

"हो."

"मग आपले चिकोश कशावर बसतात?"

चिकोश म्हणजे आमच्या माळरानावरचे घोडेराखे. ते खरोखरच बिनतंगाच्या खोगिरावर बसतात. खोगीर फेकलं घोड्यावर, मारली उडी, की निघाले. आवळाआवळीत वेळ घालवत नाहीत. हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. चिकोश चालायच्या आधी घोड्यावर बसायला शिकतो आणि वेंडेल चालायच्या आधी सर्दीने आजारी होता, हा तपशील मात्र त्या घडीला कुणाला महत्त्वाचा वाटला नाही. कारण एव्हाना भोवती दहाबारा पुरुष जमले होते आणि सगळे माना डोलवत होते.

"तंग परदेशी लोकांना लागतो," त्यातला एक म्हणाला.

"आणि बायकांना," दुसरा म्हणाला.

"माझे आजोबा तर—" रेझोकाकांनी सुरुवात केली.

दहाबारा देशबांधवांसमोर "मला पट्टा हवा" असं म्हणू शकेल असा हंगेरियन अजून जन्माला, म्हणजे घोड्यावर, यायचा आहे. वेंडेलने पैसे दिले. विक्रेत्याने खूश होऊन वर एक काकडी दिली.

एतेल्काने खोगीर स्वयंपाकघराच्या स्टुलावर ठेवून सगळीकडून पाहिलं.

"हे घोडीला कशाने धरून राहणार?"

"याला धरावं लागत नाही. वर बसलेला माणूस त्याला धरतो. परंपरा आहे."

"आणि माणसाला कोण धरतो?"

या प्रश्नावर परंपरेत काही सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी वेंडेल गुपचूप खोगीर काखोटीला मारून चांभाराकडे गेला आणि म्हणाला, याला वाद्या शिवून द्या, पण बोलू नका कुठे. चांभार म्हणाला, तिथलं कातडं पातळ आहे, टाका धरणार नाही, आणि बोलायचं म्हणाल तर मी कशाला बोलू? तो फक्त त्याच्या बायकोशी बोलला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की पाणीपट्टीतला वेंडेल बिनतंगाचा बसणार आहे. शिवून घ्यायला गेला होता हा भाग वाटेत कुठेतरी गळाला. पावाच्या दुकानातल्या बाईंनी त्याला पैसे न घेता मोठा पाव दिला. न्हाव्याने त्याची मिशी, होती तेवढी, वर वळवून दिली. आणि एतेल्का दुकानाच्या रांगेत कुणाला तरी सांगताना वेंडेलने स्वतःच्या कानांनी ऐकलं: "अगं, आमचा वेंडेल ना, चिकोशांसारखा बसतो."

बसतो! वर्तमानकाळ! वेंडेल पाव घेऊन मागच्या मागे घरी आला.

मांदुलाच्या पाठीवर खोगीर ठेवून बघायचा कार्यक्रम गिझीआत्याच्या अंगणात झाला. निमंत्रण कुणालाच नव्हतं, त्यामुळे सगळे आले. खोगीर ठेवलं आणि ते होडीसारखं डुलू लागलं. अरुंद खोगीर रुंद पाठीवर नुसतं टेकलं होतं. बाजूंनी हात जाईल एवढी फट. एकाने सुचवलं की आतला भराव फार आहे, थोडा काढा. अस्तराची शिवण उसवली, तर आतून पडद्याचा तुकडा, एकच मोजा, बाळाचं टोपडं आणि कुठल्या तरी उमेदवाराचा मफलर निघाला. खोगीरभरती म्हणतात ती काय, ते किशहोमोकने त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. मफलर काढून बाकीचं परत भरलं. डुलणं तेवढंच राहिलं.

"नेमकं कुठे टेकतं ते कळायला हवं," रेझोकाका म्हणाले. "पाठीवर पीठ भुरभुरायचं, खोगीर ठेवायचं, उचलायचं. जिथे पीठ पुसलं जाईल तिथे टेकतं."

ही पद्धत वास्तविक बरोबर होती. पण घोडी पांढरी आणि पीठही पांढरं. पाऊण पिशवी पीठ ओतल्यावर घोडी जाड झाल्यासारखी दिसत होती, यापलीकडे काही कळेना. तेव्हा रंगीत भुकटी हवी असं ठरलं, आणि आमच्याकडे घरात रंगीत भुकटी म्हटली की माणसाचा हात एकाच डब्याकडे जातो.

"मिरचीपूड?" वेंडेल म्हणाला. "तिला झोंबेल, काका."

"गोडी मिरची आणतोय, तिखट नाही. मला काय कळत नाही?" रेझोकाकांनी गिझीआत्याच्या डब्यात बोट बुडवून चाटलं. "गोडी आहे. घाल."

सकाळपासून प्रत्येक सल्लागाराला गिझीआत्या जर्दाळूची दारू देत होत्या, कारण अंगणात आलेल्या माणसाला कोरडं परत पाठवायचं नसतं. रेझोकाकांनी सगळ्यांत जास्त सल्ले दिले होते. त्यांच्या जिभेला त्या वेळी पेटती काडी चाटवली असती तरी ती गोडीच लागली असती.

ऊन होतं. घोडीला घाम आला. पूड भिजली. मांदुलाने आधी शेपटी हलवली, मग पाठीची कातडी थरथरवली, मग आयुष्यात प्रथमच कोबीचा वेग ओलांडला. खोगीर एकीकडे, रेझोकाका दुसरीकडे. ती थेट परसातल्या कोबीच्या वाफ्यात जाऊन उताणी लोळली आणि उठली तेव्हा वाफा नव्हता.

"पाणी नका घालू, पाण्याने वाढतं!" न्हावी ओरडला. "आंबट साय लावा! तिखटाला साय!"

गिझीआत्यांनी रडत रडत सायीचं पातेलं आणलं. वेंडेल जाकिटाच्या बाह्या सावरून घोडीला साय चोळू लागला. मिरचीपूड आणि आंबट साय. आमच्याकडे कोंबडीला हेच दोन पदार्थ लावून मंद आचेवर ठेवतात. अंगणात असा काही खमंग वास सुटला की दोघांतिघांना जेवणाची आठवण होऊन ते घरी गेले. मांदुलाची आग शमली. पण ती आता पाठीपासून पोटापर्यंत केशरी होती.

आणि नेमकी दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांची तपासणी.

रस्त्यावर मिरवायच्या घोड्याला आमच्याकडे पासपोर्ट दाखवावा लागतो. मांदुलाकडे तो होता. वेंडेलच्या स्वतःच्या पासपोर्टची मुदत कधीच संपली होती. म्हणजे मनात आणलं असतं तर मांदुला पॅरिसला जाऊ शकली असती, वेंडेल नाही. पशुवैद्यांनी पासपोर्ट पाहिला, घोडी पाहिली, चष्मा पुसला.

"यात रंग करडा लिहिलाय. ही केशरी आहे."

"ती पांढरी आहे हो!" गिझीआत्या म्हणाल्या.

"म्हणजे तेही चूक. पांढऱ्या घोड्याला कागदावर करडा म्हणतात. पण केशरी घोड्याला काहीच म्हणत नाहीत. संध्याकाळी परत येतो, तोवर हिचा काय तो रंग ठरवा."

तीन वेळा साबण लावूनही केशरी जाईना, तेव्हा गिझीआत्यांनी चादरींसाठी ठेवलेली नीळ बादलीत कालवली. केशरीवर नीळ चढली आणि संध्याकाळी अंगणात एक निखळ करडी घोडी उभी होती. पासपोर्ट मिळाल्यापासून प्रथमच ती पासपोर्टप्रमाणे दिसत होती. पशुवैद्यांनी समाधानाने शिक्का मारला.

"आणि डॉक्टरसाहेब, खोगीर नीट बसतंय असंही लिहून द्याल का?" वेंडेलने विचारलं. कारण आदल्याच दिवशी कोर्नेलने स्वाराच्या विम्याचा फॉर्म आणून दिला होता, आणि त्यात खोगीर घोड्याला नीट बसतं असं कुणा जाणकाराने लिहून द्यायचं होतं. ती सही नसेल तर विमा नाही, विमा नसेल तर हायनाल्काबाईंची परवानगी नाही, आणि मग झेंडा ट्रॅक्टरवर.

"मी फक्त जिवंत भाग बघतो," पशुवैद्य म्हणाले आणि गेले.

वेंडेल फॉर्म घेऊन गावभर फिरला. जाणकारांचं ते गाव एकाएकी ओसाड पडलं. रेझोकाकांचा चष्मा हरवला, तो त्यांच्या कपाळावर असताना. न्हावी म्हणाला, माझी सही दर वेळी वेगळी येते. पाद्रीबाबा म्हणाले, मी प्रार्थना करीन, तिला सही लागत नाही. जत्रेत माना डोलवणाऱ्यांपैकी एक जण रस्त्यात दिसला. तो खिडकीतून कुणाच्या तरी घरात शिरला. ते घर त्याचं नव्हतं असं नंतर कळलं.

वेंडेल घरी येऊन स्वयंपाकघरात बसला. कोर्नेल आधीच तिथे कॉफी पीत होता, डाव्या हाताने.

"काय रे, सही?"

"नाही मिळाली."

"मग हरकत नाही. मी ट्रॅक्टर धुऊनच ठेवलाय."

"दे इकडे," एतेल्का म्हणाली. तिने पिठाचा हात पुसला, फॉर्म ओढला आणि जाणकाराच्या जागी आपलं नाव लिहिलं.

"तू?" कोर्नेल म्हणाला. "तुला खोगिरातलं काय कळतं?"

"माहेरी तुझ्याबरोबर वाढले आणि सासरी याच्याबरोबर राहते. काय बसतं आणि काय डुलतं, ते मला कळतं."

सही झाली याचा वेंडेलला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. आता खोगीर पडलं तर एकटा तो पडणार नव्हता. तिचा शब्दही पडणार होता, आणि तोही कोर्नेलसमोर.

मिरवणुकीच्या दिवशी वेंडेलला तिघांनी उचलून मांदुलावर ठेवलं. काळं जाकीट, वळवलेली मिशी, एका हातात लगाम, दुसऱ्यात झेंडा. मागे बँडची गाडी, त्यामागे द्राक्षांनी सजवलेली बायकांची गाडी, त्यात पहिल्या बाकावर एतेल्का, आणि सगळ्यांत शेवटी धुतलेला ट्रॅक्टर घेऊन कोर्नेल, "लागलाच तर" म्हणून.

पहिल्या वळणाच्या आतच वेंडेलला एक शास्त्रीय सत्य उमगलं: तो जोवर काहीही करत नाही, तोवर खोगीर राहतं. डावीकडे बघितलं की ते डावीकडे निघायचं. उजवीकडे बघितलं की उजवीकडे. शिंक आली असती तर तो तालुक्याच्या ठिकाणी पोचला असता. तेव्हा त्याने बघणं सोडलं, वळणं सोडलं, श्वासही लागेल तेवढाच घेतला, आणि मेणबत्तीसारखा ताठ, नजर थेट समोर ठेवून बसला.

रस्त्याकडेचे जाणकार थक्क झाले.

"काय बसलाय बघ! मान तरी हलते का?"

"कोर्नेल नुसता हात हलवत जायचा, लग्नातल्यासारखा."

"याला म्हणतात जुनी बैठक. आता अशी बघायला मिळत नाही."

चौकाचौकात घरमालक वाईनचा पेला घेऊन पुढे यायचे. पुढच्या स्वाराने घोड्यावरूनच वाकून पेला घ्यायचा, प्यायचा, ही रीत. वेंडेल वाकला नाही. पेला धरलेला माणूस चवड्यांवर उभा राहिला तरी वेंडेलने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो माणूस ओशाळला, घरात जाऊन खुर्ची घेऊन आला, खुर्चीवर चढला आणि त्याने अदबीने पेला वेंडेलच्या ओठांना लावला. पुढच्या चौकात लोक शिडी घेऊनच उभे होते. मागच्या गाडीत एतेल्काच्या शेजारणीने तिला कोपर मारलं. "एवढा रुबाबदार होता हा? आणि तू आम्हाला कधी बोलली नाहीस!"

एतेल्का खोगिराकडे बघत होती. ते बोटभर मागे सरकलं होतं.

चर्चपाशी चढ आहे. फार नाही, पायी जाणाऱ्याला जाणवतही नाही. मांदुला चढाला लागली आणि खोगिराने मागची वाट धरली. वेंडेलला ते कळलं, पण करण्यासारखं काही नव्हतं, कारण काहीही न करणं हीच त्याची एकमेव विद्या होती. खोगीर मांदुलाच्या पाठीवरून तिच्या पुठ्ठ्यांवर आलं. तिथे जरा थबकलं. मग शेपटीवरून सावकाश, इभ्रतीने, उंचावरचं कपाट चौघांनी धरून उतरवावं तसं खाली आलं आणि धुळीत टेकलं. त्यावर वेंडेल. तसाच. ताठ. झेंडा उभा.

मांदुलाला पाठ हलकी झाल्याचं काही वाटलं नाही. कोबी उतरवला की पुढे चालायचं, हे तिला ठाऊक होतं. ती एकटीच पुढे निघाली. बँड तिच्यामागे गेला, कारण बँडला घोड्यामागे जायचं असतं, स्वारामागे नव्हे. गाड्या वेंडेलला वळसा घालून जाऊ लागल्या.

रस्त्याकडेला कुजबुज सुरू झाली.

"पडला!"

"पडला कुठे? उतरला. चिकोश असेच उतरतात."

"मागून?"

"माझे आजोबा मागूनच उतरायचे," रेझोकाका म्हणाले, आणि ते खरं असावं. स्वयंपाकाच्या गाडीला दार मागेच असतं.

तेवढ्यात ट्रॅक्टर येऊन थांबला. वरून कोर्नेल वाकला, आणि त्याच्या चेहऱ्यावर अक्रोडाच्या झाडानंतरचा पहिला आनंद होता.

"पडलास, वेंडेल."

"मी पडलेलो नाही," वेंडेल समोर बघत म्हणाला. मान वळवायची त्याची अजून छाती होत नव्हती. "मी खोगिरावर बसलोय. मला कुणी खोगिरावरून पडताना पाहिलंय का?"

"अरे, तू रस्त्यात बसलायस!"

"खोगीर रस्त्यात आहे. मी खोगिरात आहे."

"ऊठ आता. झेंडा दे इकडे. लोक बघतायत."

लोक बघतच होते. आणि लोकांच्या पलीकडून, थांबवलेल्या गाडीतून, परकर सावरत एतेल्का उतरून येत होती. वेंडेलला ती डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसली. जाकिटाची शिवण, दुकानातला तो वर्तमानकाळ, फॉर्मवरची पिठाळलेली सही, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं आणि चर्चच्या चढावर त्याला प्रथमच खरोखर पडल्यासारखं वाटलं. तो उठायला लागला.

"बैस," एतेल्का म्हणाली.

तो बसला.

तिने खोगिराभोवती एक चक्कर मारली. चपलेच्या टोकाने एक बाजू दाबून पाहिली, मग दुसरी. पुढे फट आहे का बघितलं, मागे बघितलं. अख्खा चौक, घोड्यातलं सगळं कळणारा, श्वास रोखून निकालाची वाट बघत होता.

"डुलत नाही," ती कोर्नेलला म्हणाली. मग वेंडेलच्या खांद्याला धक्का दिला. "जरा पुढे सरक."

वेंडेल पुढे सरकला. एतेल्का त्याच्यामागे बसली, झेंड्याची काठी आपल्या हातात घेतली, आणि दुसरा हात त्याच्या उसवून वाढवलेल्या जाकिटाभोवती असा घातला की त्याच्या पोटाला चांगलाच आवळला.

"हां," ती म्हणाली. "आता बघ कुठे पडतोस ते. आणि दादा, तू ट्रॅक्टर बाजूला घे. धूर येतोय आमच्या अंगावर."